नागव्यांचा रविवारचा पोशाख

“वस्त्र हे मानवजातीने बोललेलं पहिलं खोटं आहे, आणि शेवटचं खरं उघड्या अंगानेच बोललं जाईल!” बेझिल पेंगेली उजवा हात उंचावून म्हणाला. हातात चिमटा होता, चिमट्यात सॉसेज होतं, आणि अंगावर ॲप्रन होता, कारण तव्यावरचं तेल उडत होतं.

बेझिल आमच्या वॉटल क्रीक सन क्लबचा अध्यक्ष. हे वाक्य तो प्रत्येक सभेत म्हणतो आणि प्रत्येक वेळी ॲप्रन घालूनच म्हणतो, कारण सभा आणि सॉसेज एकाच वेळी उरकायची आमची पद्धत आहे. पूर्वी या वाक्याला टाळ्या पडायच्या. आता निम्म्या सभासदांना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना ते पाठ आहे.

“बेझिल, कांदा करपतोय,” एल्वी म्हणाली.

आम्ही सगळे आपापल्या टॉवेलवर बसलो होतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, नागव्यांना नियम नसतात. आमच्याकडे एक नियम असा आहे की तो मोडणाऱ्याला तहहयात माफी नाही: उघड्या अंगाने खुर्चीवर बसायचं नाही, आधी टॉवेल अंथरायचा. टॉवेल म्हणजे आमचं सोवळं. काखेत टॉवेल नसलेला माणूस पाहिला की आम्हाला तो खरा नागडा वाटतो.

सभा बोलावली होती ती चर्चवरून. जानेवारीतल्या वादळाने पोर्ट कॅरिकच्या चर्चचं छप्पर उडवलं. त्यातला एक पत्रा आमच्या पोहण्याच्या तलावात येऊन पडला. हा ईश्वरी संकेत समजायचा की अतिक्रमण, हे बेझिल ठरवतोय तोवर चर्चच्या पास्टर ट्रूडी नोस्के स्वतःच आमच्या फाटकाशी आल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. तरुण बाई. त्या पूर्ण वेळ बेझिलच्या भुवयांकडे बघून बोलल्या. नवीन माणूस आमच्याशी बोलायला आला की भुवयांचा फार बारकाईने अभ्यास करतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गावच्या हॉलला कुलूप आहे, फुटबॉलवाल्यांची खोली रविवारी मिळत नाही, छप्पर होईपर्यंत तुमचा हॉल रविवारी सकाळी तासभर द्याल का.

उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवाने मेलं, असं म्हणतात. इथे उघडं आपण होऊन नागड्याकडे आलं होतं. हिवाचा तर प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळा, लागला होता आणि झाडावरची मॅगपाय पाखरं चोच उघडी ठेवून नुसती बसून असायची.

“द्यायला माझी हरकत नाही,” बेझिल सॉसेज उलटत म्हणाला. “प्रश्न तत्त्वाचा आहे. ते आले की आपण काय करायचं?”

“आपापल्या कॅरव्हॅनमध्ये झोपायचं,” मी म्हणालो.

“विल्फ, तू गप्प बस. मी म्हणतोय, आपल्या जमिनीवर, आपल्या हॉलमध्ये, आपण कपडे घालायचे? मग इतकी वर्षं काय झक मारली?”

“मारलीच,” क्लेम ट्रेझाइज म्हणाला. क्लेम आमच्यातला सगळ्यात दमलेला माणूस. पूर्वी तो गव्हाच्या कोठारावर कामाला होता, आणि आता त्याला बसून राहण्याचाही थकवा येतो. “मला फक्त एक सांगा. मोजे धरायचे का?”

“कशात?”

“कपड्यांत. कोणी म्हणालं की कपडे घाला, तर मोजे त्यात येतात का? मला वाकता येत नाही.”

यावर पुष्कळ बोलणं झालं. तेवढ्यात एल्वी उभी राहिली. एल्वी ट्रेगेन्झा सभेत कधी उभी राहत नाही, त्यामुळे बेझिलनेही चिमटा खाली ठेवला.

“मी रविवारी चर्चला बसणार आहे,” ती म्हणाली. “नीट कपडे घालून. तुम्ही या नाहीतर राहा. पण येणार असाल तर पूर्ण या. अर्धंमुर्धं नको. ग्वेन येणार आहे.”

कांदा करपून गेला.

ग्वेन ही एल्वीची थोरली बहीण, आणि त्या चर्चची ऑर्गन वाजवणारी. दोघी लहानपणी तिथे जोडीने गायच्या. सरकारने आमच्या राज्यात किनाऱ्यावर कपडे काढायला परवानगी दिली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात एल्वी आणि तिचा नवरा पर्स आमच्यात आले. एल्वीचा स्वभाव सरळ. ती आधी बहिणीला सांगायला गेली. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी घरच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा ग्वेन उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. एक शब्द नाही. एल्वीने प्रार्थना संपेपर्यंत दम धरला, घरी आली, आणि पुन्हा कधी चर्चमध्ये गेली नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली. सुपरमार्केटमध्ये दोघी समोरासमोर आल्या की दोघींनाही एकदम डबाबंद जर्दाळूंची गोडी लागते. मागच्या थंडीत पर्स गेला. ग्वेन आली नाही.

सभा संपल्यावर एल्वी माझ्याबरोबर चालत निघाली. टॉवेल खांद्यावर, पायांत रबरी चपला.

“ती माझ्याशी बोलेल असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “नको बोलू दे. माझ्या शेजारी बसली म्हणजे झालं. एकदा. उठून जायला नको. विल्फ, तिचं आता ब्याऐंशीचं वय आहे, माझंही काही कोवळं नाही. परत छप्पर उडायची वाट बघत बसू का?”

“आणि नाही बसली तर?”

“तर मग मी दमले,” एल्वी म्हणाली.

रोजच्या कपड्यांशी आमचं वैर आहे असा लोकांचा समज असतो. वैर करायलासुद्धा उत्साह लागतो. आमच्याकडे प्रत्येकाचे दोन जोड असतात. एक सुपरमार्केटचा: अर्धी चड्डी आणि बनियन, फाटकाबाहेर पडताना चढवायची, आत येताना काढून खिळ्याला अडकवायची. दुसरा डॉक्टरचा: धुतलेला, इस्त्रीचा. डॉक्टरकडे जाताना आम्ही सगळ्यात जास्त कपडे घालतो आणि तो पहिलाच शब्द बोलतो, ‘काढा’. तरुण लोक आमच्यात येत नाहीत. त्यांना कपडे काढायला क्लब लागत नाही, फोन पुरतो.

पण चर्चचे कपडे ही वेगळी गोष्ट. चड्डी-बनियन हे आमच्या हिशोबी कपडेच नव्हेत, ती पोलिसांशी केलेली तडजोड. चर्चला जायचं म्हणजे सूट, टाय, बायकांनी हॅट आणि हातमोजे, पायांत लांब मोजे. यात वाद नव्हता. आम्ही सगळे लहानपणी तसेच गेलो होतो, आणि त्यानंतर कोणी गेलंच नव्हतं. बेझिलने तर शनिवारी आणखी एक भाषण केलं की जो मनुष्य वस्त्राचा त्याग करतो त्यालाच वस्त्राची खरी किंमत कळते. त्या वेळी तो पलंगावर आडवा पडून पँटचं बटण लावत होता.

शनिवारी सगळ्या क्लबात डांबरगोळ्यांचा वास सुटला. पेट्या उघडल्या गेल्या. कोणाचा लग्नातला सूट, कोणाचा बापाच्या अंत्यविधीचा. नागव्या माणसाला आपण जाड झालो हे कळत नाही. कमरपट्टा नसला की चहाडी करणारं कोणी उरत नाही. त्या दिवशी आम्हाला सगळं एकदम कळलं. क्लेमचा सूट जाड लोकरीचा, तपकिरी, वास्कीट असलेला, तो नवरदेव असतानाचा. पँटची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. शेवटी ती सुतळीने बांधली आणि वर वास्कीट चढवलं.

“आता श्वास घे,” मी म्हणालो.

“कशाला?” क्लेम म्हणाला.

एल्वीने दुकानातून नवा पांढरा टॉवेल आणला होता. तो तिने इस्त्री करून घडी घातला, आणि हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारच्या खुर्चीवर अंथरून ठेवला. मग लांब जाऊन पाहिला. परत आली, एक सुरकुती काढली, परत लांब गेली.

रविवारी सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागले. हॉलला दोन पंखे आहेत, त्यातला एक फिरतो. आम्ही दाराशी ओळीने उभे होतो: काळे सूट, करडे सूट, क्लेम तपकिरी, बायका हॅट घालून, हातमोज्यांत, प्रत्येकाच्या काखेत टॉवेल. कॉलर मानेला कापत होती. घाम मोज्यांपर्यंत उतरला होता आणि तिथून पुढे त्याला वाट नव्हती.

पहिली गाडी आली. पास्टर ट्रूडी उतरल्या. अंगावर अर्धी चड्डी, पायांत रबरी चपला, आणि मासेमारीच्या स्पर्धेची जाहिरात असलेला टी-शर्ट. त्या आमच्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

“मिस्टर पेंगेली,” त्या म्हणाल्या, “आज तुमच्याकडे कोणी गेलं का?”

“कुठे गेलं?”

“नाही, म्हणजे… अंत्यविधी आहे का?”

“आम्ही चर्चला आलोय,” बेझिल म्हणाला. त्याने त्यांच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि नजर भुवयांवर नेली. “पास्टरबाई, तुम्हाला कपडे बदलायला खोली पाहिजे असेल तर आत आहे.”

“हेच आहेत माझे कपडे.”

“असू द्या, असू द्या,” बेझिल समजूत काढल्यासारखा म्हणाला.

मग मंडळी यायला लागली. चड्ड्या, बनियनं, फुलाफुलांचे झगे खांद्यावर एका दोरीने लटकलेले, एकाच्या डोक्यावर मासेमारीची टोपी. माणसं पुष्कळ आली. ट्रूडीबाई मला म्हणाल्या की एवढी तर ईस्टरलाही येत नाहीत. येणारा जो तो आमच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. एक बाई आपल्या नवऱ्याला कुजबुजून म्हणाली, “ते कुठायत?”

“हेच ते.”

“हे? हे तर बँकेचे मॅनेजर दिसतात.” तिने पिशवीतून काढून ठेवलेला काळा चश्मा परत पिशवीत टाकला. अशी निराशा मी निवडणुकीनंतरसुद्धा पाहिलेली नाही.

सगळ्यात शेवटी एक छोटी पांढरी गाडी येऊन झाडाखाली थांबली. इंजिन चालूच. काचेतून हॅट दिसत होती. हॅट बराच वेळ हलली नाही. एल्वी माझ्या शेजारी उभी होती, तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला.

“परत जाईल ती,” ती म्हणाली.

“गाडीत गार हवा आहे गं. मीसुद्धा उतरलो नसतो.”

इंजिन थांबलं. ग्वेन उतरली. गडद निळा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद झगा, हॅट, हातमोजे, या उकाड्यात पायांत लांब मोजे, आणि पाठ अशी ताठ की जणू झगाच तिला उभं धरून होता. तिने मागचं दार उघडून काहीतरी बाहेर ओढलं. ती घडीची खुर्ची होती.

एल्वीने मान खाली घातली. खुर्ची घरून आणली म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही. आमच्यात तर नाहीच.

ग्वेन खुर्ची धरून दारापर्यंत आली. वाटेत तिने तिच्या मंडळींवर एक नजर टाकली: चड्ड्या, गुडघे, दंड, टोपी. मग ती आमच्या ओळीपुढून चालू लागली, आणि हळूहळू तिची चाल मंदावली. तिने हॅटी पाहिल्या. वास्कीट पाहिलं. बेझिलपाशी येऊन ती थांबली.

“मिस्टर पेंगेली,” ती म्हणाली, “तुमचा टाय वाकडा आहे.”

बेझिलने टाय सरळ केला. ग्वेनने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की जणू कित्येक वर्षांत ते वाक्य बोलायला तिला कोणी सापडलंच नव्हतं. सापडणार कसं? तिच्या चर्चमध्ये टायच उरले नव्हते. एल्वीकडे मात्र तिने पाहिलं नाही. सरळ पुढे गेली, ट्रूडीबाईंनी आणलेल्या विजेच्या ऑर्गनच्या मागे आपली घडीची खुर्ची मांडली आणि तिच्यावर बसली.

आम्ही आत शिरलो आणि खुर्च्यांपाशी जाऊन प्रत्येकाने काखेतला टॉवेल काढला, झटकला, अंथरला, आणि मग बसलो. सूट घातलेले होतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हात आपोआप चालले. टोपीवाल्याने विचारलं, “काका, हे काय?”

“सवय,” मी म्हणालो.

पण बेझिल वळून त्याच्या मांड्यांकडे बघत होता. मांड्या उघड्या होत्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीला चिकटल्या होत्या. अध्यक्ष जागा झाला.

“माफ करा,” तो म्हणाला, “उघड्या अंगाने खुर्चीवर बसायचं नाही इथे. नियम आहे.”

“आम्ही कपडे घातलेत!”

“जिथे घातलेत तिथे मी काही म्हणत नाही. उरलेल्या भागाचं बोलतोय.”

“अहो, आम्ही चर्चला आलोय.”

“म्हणूनच जरा नीट बसा,” बेझिल म्हणाला.

मग कपाटातून जादा टॉवेल काढावे लागले. मी आणि दुसरे एक-दोघे रांगेतून वाटत फिरलो. गावातली चर्चची मंडळी एकेक करून उठली, टॉवेल अंथरून पुन्हा बसली. तुमच्या गाद्यांवर आम्ही बसणार नाही, असं म्हणून ज्यांनी इतकी वर्षं आमच्याकडचं चहापाणी टाळलं, तीच ही मंडळी. खरं तर असा क्षण मी मनात कितीदा रंगवला होता. तो आला तेव्हा वाटलं, लवकर आटपा, कॉलर टोचतेय. ऑर्गनच्या मागे ग्वेन टॉवेल वाटप बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते, पण ते नाराजीने मिटलेले नव्हते. ते मला ओळखता येतं, मी नाराज ओठ जन्मभर पाहिलेत.

पहिलं भजन सुरू झालं. आम्हाला शब्द आठवत होते, पण दम पुरत नव्हता. एल्वीने वरचा सूर धरायला पाहिलं आणि आवाज चिरकला. ती थांबली. दुसरं भजन ग्वेनने खालच्या पट्टीत घेतलं. ट्रूडीबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. हल्लीच्या ऑर्गनला त्यासाठी एक बटण असतं, चुकूनही दाबलं जातं. एल्वी मात्र शेवटपर्यंत गायली.

प्रवचनासाठी बेझिल तयारीत होता. पास्टरबाई आदम आणि हव्वेवर बोलणार, अंजिराची पानं काढणार, अशी त्याची खात्री होती, आणि त्यावर त्याने उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ट्रूडीबाई येशूच्या भाकरी आणि माशांच्या गोष्टीवर बोलल्या. माणसं भुकेली होती, जे होतं ते वाटून खाल्लं, सगळ्यांना पुरलं. बेझिलचा चेहरा भांडण रद्द झाल्यासारखा पडला.

भाकरी पुरायच्या बेतात असताना क्लेम माझ्या अंगावर कलंडला. आधी वाटलं झोपला, त्याची ती पद्धत आहे. पण तो पांढरा पडला होता आणि तिथून तसाच खाली घसरला.

खुर्च्या सरकल्या. टोपीवाला ओरडला, “अरे, कपडे काढा त्याचे! कोट काढा, शर्ट काढा!”

आमच्यातलं कोणी हललं नाही. खोटं कशाला सांगू, मीही नाही. क्लेमला मी हजारो वेळा उघडा पाहिलाय, त्याच्या पाठीवरचा तीळन्‌तीळ मला माहीत आहे. पण इथे, हॅट घातलेल्या बायकांसमोर, प्रवचन चालू असताना?

“आधी बाहेर नेऊ या,” बेझिल म्हणाला. “इथे बरं दिसत नाही.”

“काय बरं दिसत नाही?”

“अहो, सुतळी आहे आत. लोक आहेत इथे!”

“निदान वास्कीट राहू दे,” आमच्यातली एक बाई म्हणाली. “अर्धवट उघडा माणूस किती वाईट दिसतो.”

तेवढ्यात ऑर्गनच्या मागून ग्वेन उठली. ती आली ती गर्दी बाजूला सारतच आली आणि क्लेमजवळ गुडघ्यांवर बसली. हातमोजे काढून एल्वीच्या दिशेने फेकले, न बघता. टाय सोडला. वास्कीटची बटणं सोडली. शर्टाची बटणं सोडली.

“बेझिल पेंगेली,” ती वर न बघता म्हणाली, “इतकी वर्षं साऱ्या गावाला कपडे काढा म्हणून सांगत सुटलायस. आज एक माणूस मरायला टेकलाय तर तुझ्याने एक बटण निघत नाही?”



“कात्री,” ग्वेन म्हणाली.

कोणीतरी कात्री दिली. तिने सुतळी कापली. क्लेमचं पोट एक मोठा निःश्वास टाकून मोकळं झालं आणि पाठोपाठ क्लेमनेही श्वास घेतला. एल्वीने आपल्या खालचा टॉवेल ओढून काढला, पाण्याच्या भांड्यात बुडवून ग्वेनच्या हातात दिला. ग्वेनने तो क्लेमच्या कपाळावर आणि छातीवर ठेवला. दोघींचे हात एकमेकांना ओळखत असल्यासारखे चालले होते.

“पाय उंच करा याचे,” ग्वेन म्हणाली. “कशावर तरी ठेवा.”

टोपीवाला धावत जाऊन जी हाताशी आली ती वस्तू घेऊन आला. ती ग्वेनची घडीची खुर्ची होती. क्लेमच्या टाचा तिच्यावर ठेवल्या. एक पायमोजा होता, दुसरा नव्हता. त्याला शेवटी एकाच पायापर्यंत वाकता आलं होतं.

क्लेमने डोळे उघडले. वर हॅट होती.

“मी मेलो का?”

“नाही,” ग्वेन म्हणाली.

“बरं,” क्लेम म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद असा नव्हता. “मग जरा असाच पडून राहतो.”

ट्रूडीबाईंनी त्याची नाडी पाहिली, पाणी पाजलं, आणि अँब्युलन्सला फोन केला. क्लेमला आणि पंख्याला एकाच रेषेत आणलं. मग सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आता काय म्हणून. त्या म्हणाल्या, अँब्युलन्स येईस्तोवर वेळ आहे, भाकरी संपवून टाकू या. लोक आपापल्या टॉवेलवर बसले.

ग्वेन उभी राहिली. म्हणजे राहायला गेली, पण गुडघे ऐकेनात. मी हात दिला. ती उठली, तोल सावरला, आणि ऑर्गनच्या दिशेने बघितलं. तिथे खुर्ची नव्हती. खुर्चीवर क्लेमच्या टाचा होत्या. भिंतीपर्यंत सगळ्या खुर्च्या भरलेल्या, क्लेमची खुर्ची वाटेत नको म्हणून कोणीतरी बाहेर नेलेली. आमच्या रांगेत एक तेवढी रिकामी होती, इस्त्री केलेला पांढरा टॉवेल अंथरलेली.

एल्वी समोर बघत बसली होती. तिच्या खाली आता टॉवेल नव्हता. मी तिला ओळखायला लागल्यापासून ती पहिल्यांदाच नुसत्या खुर्चीवर बसली होती. ग्वेनचे हातमोजे तिने मांडीवर घट्ट धरले होते, आणि ती श्वास घेत नव्हती. एक बेशुद्ध पडलेला माणूस पुरे झाला होता आम्हाला, पण तिला ते कोण सांगणार?

ग्वेनने टॉवेलकडे पाहिलं. मग वाकून त्याची एक कड सरळ केली, खरं तर ती सरळच होती. आणि बसली.

ट्रूडीबाई गोष्टीतल्या टोपल्यांपर्यंत आल्या. उरलेल्या भाकरीचे तुकडे गोळा केले, त्यांच्या टोपल्याच्या टोपल्या भरल्या. कोणाचं लक्ष नव्हतं. बेझिल माझ्या पलीकडून मान वळवून बघत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला, तरी बघत होता. मी सरळ बसून समोर बघितलं, पण कान इकडेच होते. म्हाताऱ्या माणसाचं ऐकू न येणं हे पुष्कळदा सोयीपुरतं असतं. चाळीस वर्षं अडकून पडलेला शब्द बाहेर येतो तेव्हा कसा असेल, पहिला कुठला असेल, माफीचा, रागाचा, की पर्सच्या जाण्याबद्दल काही, याचा मी विचार करत होतो. वरचा पत्रा तडतडत होता. पंखा फिरत होता.

ग्वेनने समोर बघतच तोंड जरा एल्वीकडे कलवलं.

“एल्वी,” ती म्हणाली.

“काय गं?”

“माझी मागची चेन जरा खाली ओढ. थोडीच.”